मेकॅनिकल पेन्सिलींची पारख आणि संग्रह : नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

आपल्याकडे पेन-पेन्सिल, म्हणजे बटण दाबून शिसे पुढे आणायची मेकॅनिकल पेन्सिल, ही बहुतेकांच्या लेखी परीक्षेपुरती घ्यायची आणि वर्गातच हरवून यायची वस्तू असते. जपान आणि जर्मनीत मात्र आराखडे काढणारे अभियंते, वास्तुरचनाकार आणि विद्यार्थी यांच्यासाठी या लहानशा साधनावर गेली साठेक वर्षे इतके बारीक काम झाले आहे, की दोनशे रुपयांची आणि तीन हजार रुपयांची पेन्सिल शेजारी ठेवली असता फरक कशात आहे हे नवख्याला कळत नाही, आणि कळले तरी तो पैशांच्या मोलाचा आहे का, हे ठरवता येत नाही. हा लेख अशा नवख्यांसाठी आहे. खरेदीच्या प्रत्येक टप्प्यावर एकच नियम पाळावा: आपल्याजवळ असलेल्या पेन्सिलींहून ही नवी पेन्सिल नेमकी कशात वेगळी आहे, हे एका वाक्यात सांगता आले तरच ती घ्यावी. रंग वेगळा आहे, हे उत्तर निदान पहिल्या वर्षी तरी ग्राह्य धरू नये.

आधी शिसे ठरवा

पेन्सिल निवडण्यापूर्वी शिशाची जाडी निवडावी लागते, कारण ०.५ मिमीची पेन्सिल ०.७ मिमीचे शिसे घेत नाही आणि ०.७ मिमीच्या पेन्सिलीत घातलेले ०.५ मिमीचे शिसे धरून राहत नाही. सर्वसाधारण लेखनासाठी ०.५, हात जड असणाऱ्यांसाठी ०.७, वहीच्या समासातील बारीक टिपणांसाठी किंवा लहान चौकटींच्या आलेखासाठी ०.३ आणि रेखाटनासाठी ०.९ किंवा २ मिमी, अशी ढोबळ वाटणी करता येईल. नळीवर छापलेले आकडे नाममात्र असतात, हेही लक्षात ठेवावे, ०.५ म्हणून विकले जाणारे शिसे प्रत्यक्षात ०.५५ मिमीच्या थोडे वरच भरते.

इतके बारीक शिसे बनू शकते याचे श्रेय मातीला नव्हे, तर राळेला आहे. लाकडी पेन्सिलीचे शिसे ग्रॅफाइट आणि चिकणमाती एकत्र भाजून करतात, आणि ते फार बारीक केले की तुटते. जपानच्या पेंटेल कंपनीने १९६० मध्ये मातीऐवजी कृत्रिम राळ वापरून बनवलेले शिसे बाजारात आणले, आणि त्यानंतरच अर्ध्या मिलिमीटरच्या पेन्सिलीला खरा अर्थ आला. शिशाचा कठीणपणा एचबी, बी, टूबी असा लिहिलेला असला तरी एका कंपनीचे एचबी दुसऱ्या कंपनीच्या बीइतके काळे उमटू शकते. म्हणून सुरुवातीलाच कोणत्याही एका चांगल्या कंपनीच्या एचबी शिशाच्या दोन-तीन नळ्या घेऊन ठेवाव्यात आणि पुढची सगळी तुलना त्याच शिशावर करावी. बहुतेक नवखे नेमके इथेच फसतात, कारण त्यांना आवडलेली असते ती पेन्सिल नसून तिच्यासोबत आलेले मऊ शिसे असते.

आत काय चालते

पेन्सिलीच्या टोकाचा शंकू आटे सोडवून काढला की आत पितळेची एक छोटी पकड दिसते. तिचे तोंड बहुधा तीन भागांत चिरलेले असते आणि त्याभोवती एक कडे बसवलेले असते. मागचे बटण दाबले की पकड शिशाला धरून पुढे सरकते, कड्याबाहेर आल्यावर तिचे तोंड उघडते, आणि बटण सोडताच स्प्रिंग तिला मागे ओढते. त्या क्षणी शिसेही मागे जाऊ नये म्हणून शंकूच्या आत रबराची एक बारीक चकती त्याला अडवून धरते. महागड्या आणि स्वस्त पेन्सिलींतला पहिला खरा फरक इथे असतो: पकड पितळेची आहे की प्लास्टिकची, तिचे तीन भाग सारख्या दाबाने मिटतात की नाही, आणि शंकूचे आटे धातूचे आहेत की प्लास्टिकचे. बाहेरची चकाकी नंतर पाहावी.

दुसरा भाग म्हणजे टोकाची नळी. आराखड्यासाठी बनवलेल्या पेन्सिलींची नळी साधारण ४ मिमी लांब आणि स्थिर असते, म्हणजे पट्टीच्या कडेला नळी टेकते आणि शंकू आड येत नाही. लिहिण्यासाठी बनवलेल्या कित्येक पेन्सिलींत ती आखूड असते किंवा आत सरकते. स्थिर लांब नळीचा तोटा असा, की पेन्सिल टोकावर पडली तर ती वाकते, आणि वाकलेली नळी सरळ करण्याच्या खटाटोपात ती बहुधा कायमची जाते. ज्यांना पेन्सिल खिशात बाळगायची आहे त्यांनी टोक आत जाणारी पेन्सिल पाहावी.

पहिल्या तीन पेन्सिली

सुरुवात तीन पेन्सिलींनी करावी, आणि तिन्ही ०.५ मिमीच्याच घ्याव्यात, म्हणजे जाडीचा फरक तुलनेत लुडबुड करणार नाही.

पहिली पेंटेल पी २०५. अंग प्लास्टिकचे, पकड पितळेची, टोक धातूचे, नळी ४ मिमी, वजन जेमतेम ९ ग्रॅम. तिचा आराखडा अनेक दशके जवळजवळ तसाच आहे आणि पुढच्या असंख्य पेन्सिलींनी तिचीच नक्कल केली आहे, त्यामुळे मोजपट्टी म्हणून ती आपल्याजवळ असायलाच हवी. तिच्या भावंडांत शेवटचा आकडा जाडी सांगतो: पी २०३ ही ०.३ ची तपकिरी, पी २०७ ही ०.७ ची निळी, पी २०९ ही ०.९ ची पिवळी.

दुसरी धातूची. रॉट्रिंग ६०० चे अंग पितळेचे आणि षट्कोनी आहे, पकडण्याच्या जागी कारखान्याच्या भाषेत ज्याला नर्लिंग म्हणतात ते बारीक चौकटींचे खाचकाम आहे, आणि वजन सुमारे २३ ग्रॅम, म्हणजे पी २०५ च्या अडीच पट भरते. तेवढे पैसे घालायचे नसतील तर स्टेडलर ९२५ २५ घ्यावी. तीही धातूची आहे आणि पुष्कळ स्वस्त आहे. रॉट्रिंग हॅम्बुर्गची आणि स्टेडलर न्युरेंबर्गची कंपनी असली तरी या दोन्ही पेन्सिली आज जपानमध्ये बनतात. त्यामुळे ‘अस्सल जर्मन’ म्हणून कुणी चढा भाव सांगू लागल्यास अंगावरचा देशाचा शिक्का आधी वाचावा.

तिसरी यंत्रणेत वेगळी हवी, आणि तिथे माझी शिफारस निःसंशय कुरू तोगाची आहे. मित्सुबिशी पेन्सिल कंपनीने (मोटारी बनवणाऱ्या मित्सुबिशीशी हिचा काही संबंध नाही) युनि या नावाखाली ती २००८ मध्ये आणली. शिसे कागदावर टेकले आणि उचलले की आतले दातेरी चक्र एकेक दात पुढे सरकते आणि शिसे स्वतःभोवती थोडे फिरते; मूळ यंत्रणेत ४० वेळा टेकल्यावर एक पूर्ण फेरा होतो. परिणामी शिसे एकाच बाजूने झिजून रुंद होत नाही. गंमत अशी, की ही सोय देवनागरीला विशेष मानवते. इंग्रजी अक्षरे सलग जोडून लिहिण्याच्या (कर्सिव्ह) वळणात हात क्वचितच उचलला जातो, तर मराठी लिहिताना प्रत्येक अक्षराला, कान्याला, मात्रेला आणि शेवटी शिरोरेषेला पेन्सिल उचलावी लागते, त्यामुळे चक्र सतत चालत राहते. (मोडी लिहिणाऱ्याला मात्र तिचा एवढा लाभ झाला नसता.) तिचा दोष हा, की शिसे वर-खाली हलण्याची जागा ठेवावी लागत असल्याने टोकाला किंचित लवचीकपणा जाणवतो. धातूच्या स्थिर टोकाची सवय असलेल्यांना तो खुपतो.

तुलना कशी करावी

तुलना एकाच बैठकीत, एकाच कागदावर आणि एकाच शिशाने करावी. वहीचा गुळगुळीत कागद आणि चित्रकलेचा खरखरीत कागद यांवर तीच पेन्सिल दोन निराळ्या पेन्सिलींसारखी वागते, म्हणून जो कागद रोज वापरात आहे तोच घ्यावा.

प्रथम वजन आणि समतोल. वजनासाठी स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरेसा आहे. समतोलासाठी पेन्सिल आडवी धरून पट्टीच्या कडेवर ठेवावी आणि ती जिथे तोलून राहते त्या बिंदूचे टोकापासूनचे अंतर मोजून लिहावे. अंतर कमी असेल तर पेन्सिल पुढे जड आहे, आणि अशी पेन्सिल हलक्या हाताने लिहिणाऱ्याला सहसा आवडते. जास्त असेल तर तिचा मागचा भाग बोटांच्या बेचक्यात ओढ देतो आणि दोन पानांनंतर हात अवघडतो. केवळ ‘जड’ किंवा ‘हलकी’ एवढ्या वर्णनावर केलेली खरेदी पुष्कळदा चुकते ती याच कारणाने. दोन पेन्सिलींचे वजन एकच असूनही एक थकवते आणि दुसरी थकवत नाही.

मग बटणाचा हिशेब. शिसे नळीच्या तोंडाशी आणावे, बटण १० वेळा दाबावे, बाहेर आलेले शिसे पट्टीवर मोजून १० ने भागावे. एका दाबाला साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास शिसे यायला हवे. ते फार जास्त येत असेल तर टोक सारखे तुटते, आणि फार कमी येत असेल तर वाक्यागणिक बटणाकडे हात जातो. हीच चाचणी दोनदा करून आकडा जुळतो का ते पाहावे, कारण जुळत नसेल तर पकड असमान आहे किंवा आत धूळ आहे.

त्यानंतर पकडीची चाचणी. शिसे एक मिलिमीटर बाहेर काढून पेन्सिल काट्यावर सरळ उभी धरावी आणि हळूहळू दाब वाढवावा. निरोगी पकडीत शिसे तुटेल, पण मागे जाणार नाही. सुरुवातीला केसभर मागे जाऊन थांबणे चालते. सरकतच राहिले तर पकड झिजली आहे किंवा मळली आहे. टोकाचा हलतेपणा पाहायला शिसे एका आखलेल्या रेषेवर टेकवून पेन्सिल कडेला किंचित ढकलावी. शिसे नळीत हलते आहे, की नळी शंकूत, की शंकू अंगावर, हे नीट पाहिले तर डोळ्यांना दिसते, आणि यांपैकी शेवटचा दोष पुष्कळदा नुसते आटे घट्ट केल्याने जातो.

सर्वांत शेवटी लेखन, आणि ते निदान एक पानभर तरी असावे. दुकानातल्या चिठ्ठीवर सही करून कळते ते फक्त शिशाबद्दल. पानावर सलग मराठी मजकूर लिहावा आणि दर पाच ओळींनी शिरोरेषेची जाडी न्याहाळावी. अक्षरांची वळणे फसवतात, पण शिरोरेषा ही एकाच दिशेने, एकाच दाबाने ओढलेली लांब सरळ रेषा असल्याने शिसे कुठे चपटे झाले ते तिच्यावर चटकन दिसते: ओळीच्या सुरुवातीला रेषा जाड आणि करडी, आणि पेन्सिल बोटांत जराशी फिरवली की पुन्हा बारीक आणि काळी. साध्या पेन्सिलीने लिहिलेले पान आणि कुरू तोगाने लिहिलेले पान शेजारी ठेवून हे एकदा पाहिले, की यंत्रणेचा उपयोग शब्दांत समजावून सांगावा लागत नाही.

तुटण्यापासून वाचवणाऱ्या पेन्सिलींची परीक्षाही इथेच करावी. झेब्राच्या २०१४ मधल्या डेलगार्डमध्ये तिरका दाब आला की नळी पुढे सरकून शिशाला आधार देते. पेंटेलच्या ओरेन्झमध्ये तर शिसे नळीबाहेर काढायचेच नसते. शिसे झिजेल तशी नळी मागे सरकते, आणि म्हणून २०१४ मध्ये ०.२ मिमीसारखे शिसेही वापरण्याजोगे झाले. मात्र नळीची कड कागदाला घासत राहते आणि ते काहींना मुळीच सोसत नाही, मलाही नाही. त्याच मालिकेतली २०१७ ची ओरेन्झ नीरो शिसे आपोआप पुढे आणते आणि सुरुवातीला ती मिळणे इतके कठीण होते, की अनेकांनी ती वापरून न पाहताच विकत घेतली. वरच्या नियमात ती नक्की बसते, पण आधी साधी ओरेन्झ घासून पाहावी.

संग्रहाला दिशा देणे

तीन पेन्सिली नीट तपासल्यावर आपल्याला कशाचे कुतूहल आहे ते कळू लागते, आणि तेव्हाच संग्रहाची कक्षा ठरवावी. एखाद्याला एकाच मालिकेच्या सगळ्या जाड्या जमवायच्या असतात, दुसऱ्याला यंत्रणांचे वेगवेगळे प्रकार. आराखड्याच्या पेन्सिलींत पेंटेलची ग्राफ १०००, टोक फिरवून आत घेता येणारी रॉट्रिंग ८००, पायलटची लाकडी अंगाची एस २० अशी मोठी वाट आहे. २ मिमीच्या क्लच पेन्सिलींचे (बटण दाबताच पकड उघडून जाड शिसे मोकळे सोडणाऱ्या पेन्सिलींचे) जग निराळे: जिनिव्हाच्या कारँ दाशची फिक्सपेन्सिल १९२९ पासूनची, फेबर-कॅसेलची हिरवी टीके ९४००, आणि चेक देशातल्या कोह-इ-नूर हार्टमुथची व्हर्सेटिल. त्यांना टोक काढायचे वेगळे यंत्र लागते, हा खर्च विसरू नये.

भारतीय पेन्सिलींना या संग्रहात जागा द्यावी, असे माझे आग्रही मत आहे. १९३१ मध्ये मुंबईत दांडेकरांनी शाईपासून सुरू केलेल्या कॅम्लिनमध्ये २०११ साली जपानच्या कोकुयोने मोठा हिस्सा घेतला. कॅम्लिनच्या स्वस्त पेन-पेन्सिली आपल्याकडच्या कित्येकांनी दप्तरातून वापरल्या, फेकल्या, आणि म्हणूनच त्यांचे जुने नमुने पुढे दुर्मीळ होण्याचा संभव अधिक. पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या परिसरातल्या किंवा मुंबईत अब्दुल रहमान स्ट्रीटवरच्या जुन्या स्टेशनरी दुकानांत मागच्या फळीवर धूळ खात पडलेला माल विचारून पाहावा. गर्दीच्या वेळी, म्हणजे जूनमध्ये, जाऊ नये; दुकानदाराला खोकी खाली काढायला सवड नसते.

जुनी पेन्सिल घेताना

जुन्या पेन्सिलींचा इतिहास लंडनमध्ये १८२२ साली सुरू होतो. त्या वर्षी सॅम्पसन मॉर्डन आणि जॉन आयझॅक हॉकिन्स यांनी शिसे पुढे सरकवणाऱ्या पेन्सिलीचे पेटंट घेतले, आणि मॉर्डनच्या चांदीच्या पेन्सिली पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ बनत राहिल्या. दुसऱ्या महायुद्धातील बाँबहल्ल्यात कारखाना गेला तो १९४१ मध्ये. जपानमध्ये तोकुजी हायाकावा यांनी १९१५ मध्ये धातूची फिरवायची पेन्सिल बनवली. १९२३ च्या भूकंपात त्यांचा कारखाना आणि कुटुंबही गेले, पेन्सिलीचे हक्क विकावे लागले, आणि ओसाकात त्यांनी नव्याने उभारलेल्या कंपनीने पेन्सिलीचे ‘शार्प’ हे नाव मात्र टिकवले. आज ते दूरचित्रवाणी संचांवर दिसते.

नवख्यासाठी यातली व्यवहाराची गोष्ट अशी: हे सगळे राळेच्या शिशाच्या आधीचे आहे, त्यामुळे या पेन्सिली बारीक शिसे घेत नाहीत. १९३४ पासूनची इंग्लंडची यार्ड-ओ-लेड ३ इंची बारा शिशे पोटात ठेवते, आणि त्यांची जाडी १.१८ मिमी असते. असे शिसे मिळण्याची सोय आधी करावी, मग पेन्सिल घ्यावी. इंग्लंडमधल्या स्टर्लिंग चांदीवर चालत्या सिंहाचा शिक्का असतो. तो नसेल तर ‘चांदीची’ या शब्दावर पैसे मोजू नयेत.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील पेन्सिल घेताना विक्रेत्याकडून टोकाचे जवळून काढलेले छायाचित्र मागावे. पेन्सिल प्रत्यक्ष हाती असेल तर तिचे टोक एका बिंदूवर धरून ती बोटांत गोल फिरवावी. नळी वाकलेली असल्यास टोक बिंदूवर न राहता छोटे वर्तुळ काढते. शंकू सोडवून प्लास्टिकच्या आट्यांजवळ तडा आहे का पाहावे. परदेशातून मागवताना सीमाशुल्क आणि टपालखर्च धरून किंमत ठरवावी, कारण तो खर्च कधी कधी पेन्सिलीच्या किमतीलाच जाऊन भिडतो.

निगा

पेन्सिलीत एका वेळी दोन-तीन शिशेच भरावीत. दाटीवाटीने भरली की ती अडकतात. अडकलेला तुकडा काढायला खोडरबराला जोडलेली बारीक तार असते (पी २०५ मध्ये ती आहे). ती टोकाकडून आत घालावी आणि त्या वेळी बटण दाबून पकड उघडी ठेवावी. यंत्रणेत तेल मुळीच घालू नये, पकड शिशावरून घसरू लागते. खिशात ठेवण्यापूर्वी बटण दाबून शिसे आत ढकलावे.

आपल्या हवेत, विशेषतः कोकणात आणि गोव्यात, खरा शत्रू पावसाळा. मऊ रबरी लेप असलेल्या पेन्सिली दमट हवेत काही वर्षांनी चिकट होतात आणि तो लेप पुन्हा पूर्ववत होत नाही, म्हणून दीर्घकाळ ठेवायच्या पेन्सिलींत बोटांनी धरायची जागा धातूची किंवा साध्या प्लास्टिकची असणे श्रेयस्कर. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात. प्लास्टिकचे खोडरबर पेन्सिलीला चिकटून राहिले तर त्यातले द्रव्य पेन्सिलीचे प्लास्टिक विरघळवते आणि तिथे कायमचा खड्डा पडतो, म्हणून सुटे खोडरबर कधीही त्याच डब्यात ठेवू नये. चांदीच्या पेन्सिलींना रबरबँड लावू नये, रबरातल्या गंधकाने चांदी काळी पडते.

प्रत्येक पेन्सिलीसाठी नोंदवहीत एक पान ठेवावे: पूर्ण क्रमांक, अंगावरचे सर्व शिक्के जसेच्या तसे, कुठून व कितीला घेतली, वजन, समतोलाचे अंतर, दहा दाबांचे शिसे, आणि तिनेच, तुलनेच्या ठरलेल्या शिशाने लिहिलेल्या दोन ओळी. वर सांगितलेले वेगळेपणाचे एक वाक्य पानाच्या माथ्यावर, आणि ते खरेदीपूर्वी लिहावे. दोन पानांच्या माथ्यांवर एकच वाक्य आले, तर त्यांतली एक पेन्सिल अदलाबदलीसाठी बाजूला काढावी. पाठवताना तिच्यातले शिसे काढून टाकावे आणि टोकावर जाड स्ट्रॉचा तुकडा चढवून तो चिकटपट्टीने अंगाला बांधावा.